तिकीट न फाटलेले प्रवासी : शहर बसच्या प्रवासी-अंदाजाच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

आजपासून काम सुरू. परिवहन विभागाला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, पुढच्या वर्षभरात कुठल्या मार्गावर किती प्रवासी असतील याचा अंदाज. दोन, त्यावरून नवं वेळापत्रक. गाड्या आहेत तेवढ्याच राहणार आहेत, नवीन यायला वेळ लागेल. त्यामुळे एका मार्गावर फेरी वाढवायची झाली तर दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाची काढावी लागणार, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट झालं.

हातात आलेला ऐवज म्हणजे एप्रिल २०१९ पासूनच्या तिकीट मशीनच्या फायली. प्रत्येक तिकिटाची तारीख, वेळ, मार्ग, फेरी, चढण्याचा टप्पा, उतरण्याचा टप्पा आणि भाडं. टप्पा म्हणजे थांबा नव्हे. एका टप्प्यात आमच्याकडे दोन-तीन थांबे येतात, त्यामुळे प्रवासी नेमका कुठे चढला ते यातून कळत नाही. तरीही हा खजिनाच आहे. पुष्कळ शहरांत उतरण्याची जागा कुठेच नोंदली जात नाही.

विभागात सगळं बोलणं ईपीकेत चालतं, म्हणजे दर किलोमीटरमागचं उत्पन्न. टेबलावर मार्गांची यादी होती, चढत्या ईपीकेने लावलेली. वरच्या सहा मार्गांखाली लाल रेघ. त्यातला पहिला मार्ग १४ : पूर्वेकडची वस्ती, आयटीआय, एमआयडीसी. "हे सहा बघा आधी," असं सांगितलं गेलं.

५ जून

तयार साधनं चाळण्यात तीन दिवस गेले. अमेरिकेच्या फेडरल ट्रान्झिट ॲडमिनिस्ट्रेशनचं 'स्टॉप्स' हे सॉफ्टवेअर २०१३ मध्ये आलं. नव्या मेट्रो किंवा बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) प्रकल्पाला केंद्राचा पैसा मागणाऱ्या शहरांसाठी ते केलेलं आहे. त्याची मांडणी मला फार आवडली : महागडं प्रवास सर्वेक्षण करण्याऐवजी जनगणनेतली घर ते कामाची जागा ही आकडेवारी घ्यायची, वेळापत्रक प्रमाणित फायलींतून घ्यायचं आणि सध्याच्या प्रवासीसंख्येशी मेळ घालायचा.

आपल्याकडे अडतं ते पहिल्याच पायरीवर. २०११ च्या जनगणनेत बी-२८ नावाचा तक्ता आहे. शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामगार कामाला किती अंतर जातात आणि कशाने जातात, ते त्यात आहे : पायी, सायकल, मोटारसायकल, रिक्षा, बस, रेल्वे. पण कुठून कुठे जातात ते नाही. सहा ते दहा किलोमीटर बसने जाणारे इतके, एवढंच कळतं. ते एमआयडीसीला जातात की बाजारपेठेत, हे कळत नाही. शिवाय आकडे चौदा वर्षांपूर्वीचे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तोवर थांबता येणार नाही.

फ्लोरिडाच्या परिवहन खात्याचं 'टीबेस्ट' वेगळ्या वाटेने जातं. ते थांब्यागणिक अंदाज देतं : आसपासची वस्ती, नोकऱ्या, फेऱ्यांची संख्या, दुसऱ्या थांब्यांची जवळीक. हा विचार आपल्याला जमण्यासारखा आहे. सॉफ्टवेअर मात्र तिथल्या माहितीच्या साच्यात घट्ट बसवलेलं आहे. ठरवलं : कल्पना टीबेस्टच्या धर्तीची, बांधणी आपली. पायथनमध्ये अंदाज, आर भाषेतल्या 'आरफाइव्हआर'ने प्रवासवेळा आणि नकाशाला क्यूजीआयएस.

११ जून

जीटीएफएस, म्हणजे वेळापत्रकाच्या प्रमाणित नमुन्यातल्या फायली तयार करतेय. २००५ मध्ये पोर्टलंडच्या ट्रायमेटने गूगलबरोबर बसचं वेळापत्रक साध्या मजकूर-फायलींत मांडलं, त्यातून हा नमुना आला. थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक फेरीची थांब्यावरची वेळ आणि कोणत्या वारी ती धावते, एवढंच. जगातली जवळजवळ सगळी नियोजन-साधनं हीच भाषा वाचतात, म्हणून हे काम टाळून चालत नाही.

थांब्यांच्या नावांनी दमवलं. 'पाण्याची टाकी' तीन आहेत. 'जुना नाका' आणि 'नाका' हे एकच ठिकाण आहे, 'नवा नाका' वेगळं. शेवटी वेळापत्रक विभागातल्या काकांना शेजारी बसवलं. तीस वर्षं नोकरी झालेली, नकाशावर बोट ठेवून सांगत गेले. रात्रीच्या शेवटच्या फेरीपाशी थांबले : गाडी बारा वाजून वीस मिनिटांनी आगारात पोचते, मग तारीख कुठली लावायची? या नमुन्यात त्याची सोय आहे, वेळ २४:२० अशी लिहायची म्हणजे फेरी आदल्याच दिवसाची राहते. काकांना ते मनापासून पटलं. "आमच्या ड्युटी चार्टमध्ये पण दिवस असाच धरतात," म्हणाले.

१९ जून

पहिला अंदाज चालवला. शेवटचे आठ आठवडे झाकून ठेवले आणि उरलेल्या माहितीवरून ते ओळखायला लावले. तुलनेला अगदी साधा हिशेब घेतला : मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराची सरासरी. साधा हिशेब जिंकला, आणि तोही चांगल्या फरकाने.

आधी चुकीचं मोजमाप निस्तरलं. टक्केवारीत चूक मोजली की तीन प्रवाशांची दुपारची फेरी सगळा आकडा बिघडवते : तीनाचे सहा सांगितले की चूक शंभर टक्के. आता चुकलेले प्रवासी भागिले एकूण प्रवासी असं मोजतेय. फेरीगणिक आकड्यांचं विचरण (व्हेरियन्स) सरासरीपेक्षा खूप मोठं आहे, म्हणून पॉयसाँ हे साधं संख्याशास्त्रीय सूत्र सोडून जास्त चढ-उतार सामावणारं निगेटिव्ह बायनॉमियल घेतलं. फरक पडला, पण थोडा.

खरं कारण काकांनी दाखवलं. उपनगरी मार्गांचा आलेख छापून ठेवला होता. नोव्हेंबर २०२१ पासून डोंगर, एप्रिल २०२२ ला खाली, मार्च २०२३ पासून पुन्हा एक पायरी खाली. मी याला 'घसरता कल' असं नाव देऊन मोकळी झाले होते. काकांनी आलेख हातात घेतला आणि म्हणाले, "अहो, हा डोंगर एसटीच्या संपाचा. आणि ही पायरी म्हणजे बायकांच्या अर्ध्या तिकिटाचा महिना."

अगदी बरोबर. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं. ज्या गावांना आमची बसही जाते आणि एसटीही, तिथल्या बायका एसटीकडे गेल्या आणि हे स्वाभाविकच होतं. आमच्या सेवेत काही बिघडलं नव्हतं, शेजारी काहीतरी सुधारलं होतं. दोन्ही घटना वेगळे चलांक (अंदाजात धरायचे घटक) म्हणून घातल्या, आणि एसटीशी सामायिक गावांपुरत्याच. कल सपाट झाला. पाच वर्षांनी हे मार्ग ओस पडतील असं जे भाकीत निघत होतं ते गेलं. काका सुट्टीवर असते तर मी ते भाकीत बैठकीत मांडलं असतं, या विचाराने दिवसभर अस्वस्थ होते.

२७ जून

आता अंदाज साध्या हिशेबापेक्षा बरा येतोय. मार्ग १४ च्या सकाळच्या फेऱ्यांचं भारमान, म्हणजे आसनांच्या तुलनेत प्रवासी, २६ टक्क्यांच्या आसपास. साधनाचा निष्कर्ष : ६:४० ची फेरी काढली तरी फारसं काही जात नाही. विभागाला तो पसंत पडला. लाल रेघेशी जुळणारा होता.

मला रात्री झोप लागली नाही असं नाही, पण एक खटकलं. आयटीआय आणि एमआयडीसी दोन्ही त्याच मार्गावर, आणि गाडी पाऊण रिकामी? उद्या-परवा जाऊन बघते.

१ जुलै

६:२५ ला पूर्वेच्या वस्तीतल्या पहिल्या थांब्यावर पोचले. भुरभुर पाऊस. थांब्याला छप्पर नाही, पिंपळाखाली मुलं उभी, दप्तरं पुढे पोटाशी घेतलेली. दोघींच्या हातात ड्रॉइंगची नळी, त्यावर दुधाची पिशवी ओढून घातलेली. बाजूला जेवणाचे डबे घेतलेल्या सात बायका वेगळ्या उभ्या होत्या. त्या बसची वाट बघत नव्हत्या, वडापची (शेअर जीपची) बघत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "बस सात-दहाला पोचवते. पाळी सातला लागते. दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापतात."

गाडी ६:४४ ला आली. मी पुढच्या दारापाशी उभी राहून मोजत गेले. पहिल्या थांब्यावर २३, पुढच्या चार थांब्यांत मिळून आणखी २९. एकूण ५२ जण चढले. गाडीची आसनं ३५. आयटीआयपर्यंत मधल्या दांड्याला धरून लोक उभे होते. काचेवर आतून वाफ धरलेली, एका मुलाने त्यावर बोटाने वर्गातल्या कुणाचं तरी आडनाव लिहिलं.

शेवटच्या थांब्यावर वाहकाकाकांना मशीनमधली बेरीज विचारली. तिकिटं ९.

"आणि बाकीचे?"

"पास. ताई, पास बघायचा, पोरं आत घ्यायची, डबल बेल द्यायची. मशीनला हात लावायला वेळ कुठाय? आणि लावला तरी पासाचं बटण कुठाय त्यात?"

नऊ भागिले पस्तीस. माझे २६ टक्के.

३ जुलै

दोन दिवस पास विभागात बसून पैसा कुठे जमा होतो ते बघितलं. विद्यार्थी पासाचे पैसे पास केंद्राच्या खात्यात जमा होतात, कुठल्याही मार्गाच्या नावे नाही. म्हणजे ज्या मार्गावर विद्यार्थी जास्त, त्याची ईपीके कागदावर कमी. मार्ग १४ वरची लाल रेघ या हिशेबाने आलेली आहे. लाल रेघेच्या सहापैकी चार मार्ग कॉलेज नाहीतर आयटीआयवरून जातात. हे आज पहिल्यांदा यादीत शेजारी लिहिलं.

याला उपाय आहे आणि तो जुनाच आहे. दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ पासून बसमध्ये महिलांचा प्रवास मोफत झाला, तेव्हा त्यांना गुलाबी तिकीट द्यायला सुरुवात झाली. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत शून्य रुपयाचं तिकीट निघतं. सरकारकडून भरपाई मागायची तर प्रवासी मोजावेच लागतात. आपल्या पासधारकांसाठी भरपाई कुणाकडे मागायची नसते, म्हणून त्यांना कुणी मोजत नाही. मशीनमध्ये पासासाठी शून्य रुपयाचं बटण द्या, असं पत्र आज लिहून दिलं.

बटण येईपर्यंत हाताने मोजणी. कॉलेजच्या एनएसएस विभागाने मुलं द्यायचं कबूल केलं. सात मार्ग, दोन आठवडे, चढले-उतरले असा तक्ता.

२१ जुलै

मोजणी संपली. मुलांनी पावसात भिजत केली, कागद वाळवून वाळवून आणून दिले. एका मुलीने प्रत्येक फेरीच्या खाली चालू-बंद पावसाची वेळही लिहिली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती नोंद कामाला आली.

बाजारपेठेच्या मार्गांवर एका तिकिटामागे एकाहून थोडे जास्त प्रवासी. कॉलेजच्या सकाळच्या फेऱ्यांवर चार ते सहा. एकच सरसकट गुणक लावला असता तर बाजारमार्ग फुगले असते आणि कॉलेजमार्ग तरीही उपाशी राहिले असते. म्हणून मार्ग आणि तास दोन्ही बघून वेगवेगळे गुणक काढले आणि परीक्षा-सुट्टीच्या महिन्यांत ते बंद ठेवले. सगळा अंदाज पुन्हा चालवला. प्रवासीसंख्येच्या यादीत मार्ग १४ खालून वर गेला. बाकी तीन कॉलेजमार्गही.

बाजाराचा वार हा चलांकही आजच घातला. पश्चिमेकडच्या मार्गावर गुरुवारी दुपारी अंदाज दर वेळी निम्म्यावर येत होता. साधनाला 'आठवड्याचा दिवस' ठाऊक होता, पण सगळ्या मार्गांना मिळून एकच. बाजार त्या एका गावचा आहे.

३० जुलै

भाडेवाढ झाली तर काय, असा प्रश्न विभागाकडून आला. ठोकताळा सगळ्यांना पाठ आहे : तीन टक्के भाडं वाढलं की एक टक्का प्रवासी कमी. याला सिम्पसन-कर्टिन सूत्र म्हणतात. ते अमेरिकेतल्या शहरांच्या अनुभवावरून १९६० च्या दशकात मांडलेलं आहे. तिथे बस सुटली तर माणूस मोटारीत बसतो. इथे वडापमध्ये बसतो किंवा तीन किलोमीटर चालतो. आकडा जसाच्या तसा उचलायला माझं मन धजत नाही.

मुंबईचं उदाहरण जवळचं वाटतं म्हणून तपासलं. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ रुपयांवरून ५ वर आणलं, वातानुकूलित गाडीचं ६ रुपये. प्रवासी भराभर वाढले. पण त्याच सुमारास भाडेतत्त्वावरच्या छोट्या वातानुकूलित गाड्याही येत होत्या, त्यामुळे किती वाढ स्वस्ताईची आणि किती गाड्यांची, हे वेगळं काढणं अवघड आहे. या मे महिन्यात किमान भाडं १० आणि १२ रुपये झालं. तिथले पुढचे महिने बारकाईने बघण्यासारखे आहेत, पण आपल्या अहवालात मी भाड्यासाठी एक आकडा देणार नाही, पल्ला देणार आहे.

फेऱ्या वाढवल्यावर काय होतं याचा अंदाज त्याहून नाजूक आहे. परदेशी अभ्यासांत फेऱ्या दहा टक्के वाढल्या की प्रवासी सरासरी पाच टक्के वाढलेले दिसतात, आणि जिथे आधी फेऱ्या विरळ होत्या तिथे जास्त. आमच्या फायलींतून हाच आकडा काढायला गेले तर तो फार मोठा येतो. कारण उघड आहे : आजवर फेऱ्या दिल्याच गेल्या त्या गर्दी होती तिथे. गर्दीमुळे फेऱ्या की फेऱ्यांमुळे गर्दी, हे साधनाला फायलीवरून ओळखता येत नाही. वेळापत्रकात केवळ गाडी नादुरुस्त झाल्यामुळे फेरी रद्द झाली, असे दिवस शोधतेय. तेव्हाचा बदल प्रवाशांमुळे झालेला नसतो.

८ ऑगस्ट

संध्याकाळी बसस्थानकावर. ६:१० ची मार्ग ९ ची गाडी स्थानकातच गच्च भरली. पुढच्या दोन थांब्यांवर चालकाने गाडी थांबवलीच नाही, थांबवून उपयोगही नव्हता. फाईलमध्ये या फेरीचे ६८ प्रवासी नोंदतील आणि साधन म्हणेल की मागणी ६८. त्या दोन थांब्यांवर मी एकतीस माणसं मोजली. एक आजोबा हात वर करून रस्त्यात दोन पावलं पुढे आले आणि गाडी गेल्यावर तसाच हात वर धरून थोडा वेळ उभे राहिले.

आजपासून ज्या फेऱ्या गच्च भरतात त्यांचा आकडा 'इतके' असा न धरता 'निदान इतके' असा धरतेय. संख्याशास्त्रात याची पद्धत आहे, निगेटिव्ह बायनॉमियलमध्ये बसवायला चार दिवस लागतील. शिवाय वडापच्या थांब्यावर दोन बसांच्या मधल्या वेळात किती गाड्या भरून जातात तेही मोजतोय. वडापवाले कुठलंही सॉफ्टवेअर न वापरता मागणी बरोबर ओळखतात, त्यांचा दिवसाचा धंदा त्यावर असतो. त्यांच्यातल्या दोघांशी बराच वेळ बोलले, मोकळेपणाने बोलले.

१९ ऑगस्ट

आरफाइव्हआरने एक साधा प्रश्न विचारला : सकाळी सातच्या आत एमआयडीसीच्या फाटकाशी बसने कोण पोचू शकतं? पूर्वेची वस्ती : कुणीच नाही. मार्ग १४ ची पहिली गाडी ७:१० ला पोचते, जुलैत त्या बायकांनी सांगितलं तसंच. मग ती फेरी ६:४० ऐवजी ६:२० ला सोडून पाहिलं : जवळजवळ सगळी वस्ती सातच्या आत. आयटीआय ७:३० ला भरते, त्यांच्यासाठी ६:४० ची फेरी राहायलाच हवी.

डब्याच्या त्या बायकांचं एकही तिकीट सहा वर्षांच्या फायलींत नाही. कितीही चांगलं साधन लावलं तरी त्या फायलींतून त्यांची मागणी शून्यच निघाली असती. अहवालाचं पहिलं पान यावर लिहायचं ठरवलंय.

९ सप्टेंबर

गणपतीचे अंदाज सपशेल चुकले. गेल्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, या वर्षी २७ ऑगस्टला, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला. साधन तारखेने बघत होतं, लोक तिथीने निघतात. आता प्रत्येक दिवसाला 'स्थापनेपासून कितवा' असा क्रमांक दिलाय, तसंच दिवाळीला आणि आषाढीला. दुरुस्तीनंतर गेल्या दोन वर्षांचे गणपती बरे जुळतात.

१८ सप्टेंबर

बैठक. तासभर ईपीकेवरच गेला. मी फक्त दोन कागद पुढे ठेवले : मार्ग १४ च्या ६:४० च्या फेरीची मोजणी आणि त्याच दिवशीचं वाहकाचं वेबिल (तिकीट-हिशेबाचा कागद), शेजारी शेजारी. ५२ आणि ९. आगार व्यवस्थापक म्हणाले, ही गाडी त्यांनीही भरलेलीच पाहिलीय, पण कागद वेगळं सांगतो म्हणून गप्प बसले होते.

ठरलं ते असं. ६:४० राहणार. ६:२० ची जादा फेरी तीन महिने प्रायोगिक. गाडी मार्ग ६ ची दुपारची एक फेरी काढून मिळवायची. तिथे मोजणीतही माणसं नव्हती, तेवढं लाल रेघेचं म्हणणं बरोबर होतं. मशीनमध्ये पासाचं बटण १ ऑक्टोबरपासून.

८ ऑक्टोबर

बटणाचा पहिला आठवडा. फाईल उघडताना हात थोडे थरथरले. मार्ग १४, ६:४० : शून्य रुपयाची तिकिटं ४१. पहिल्यांदा ती मुलं फाईलमध्ये दिसली.

पण सगळीच्या सगळी ४१ शेवटच्या टप्प्यावर चढलेली, ७:०८ ते ७:०९ या एका मिनिटात. वाहकाकाका गर्दीत मोजून लक्षात ठेवतात आणि गाडी रिकामी झाल्यावर बटण दाबतात. त्यांचं चुकत नाही. पाऊस, चिल्लर, दार आणि बेल सांभाळून त्यांनी आकडा तरी बरोबर दिला. एकूण प्रवासी मिळाले, चढण्याची जागा नाही मिळाली. टप्पा बदलताना मशीनने 'पास किती?' असं एकदाच विचारावं आणि एकच आकडा घ्यावा, असा बदल सुचवलाय. मशीन पुरवणाऱ्यांकडून होकार आला की आधी याच वाहकाकाकांना दाखवायचं.

६:२० च्या फेरीत आज १७ तिकिटं. त्यातली ११ पूर्वेच्या पहिल्या टप्प्यावरची, थेट एमआयडीसीपर्यंत.